मेघांस धुराचें आवतण

दहिसर नदीच्या कांठीं राहणाऱ्या माणसानें पावसाचा इतिहास लिहावयास बसावें, यांत कोणास नवल वाटूं नये. ही नदी तुळशी तलावाच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, राष्ट्रीय उद्यानाच्या रानांतून खळाळत खालीं येते आणि दहिसरच्या वस्तींतून वाट काढीत खाडीस मिळते. उन्हाळ्यांत तिच्या पुलावरून जातांना नाकास रुमाल लावावा लागतो. श्रावणांत तिच्याकडे पाहून भीति वाटते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसाचा ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवशीं हीच नदी न बोलावतां लोकांच्या घरांत शिरली होती. उलट ज्या वर्षीं जुलै कोरडा जातो त्या वर्षीं तलावांच्या पातळीचे आंकडे वर्तमानपत्रांत रोज छापून येतात, आणि चार-आठ दिवसांनीं ‘कृत्रिम पाऊस’ हे दोन शब्द मथळ्यांत हटकून दिसूं लागतात.

हे शब्द वाचले कीं आमच्या ओळखीच्या घरांतून दोन पक्ष पडतात. एका पक्षास वाटतें, शास्त्रानें आतां पाऊसही मुठींत आणला आहे. सरकारनें मनावर घेण्याचाच काय तो अवकाश. दुसऱ्या पक्षास हें सारें थोतांड वाटतें. आमचा कल बरींच वर्षें ह्या दुसऱ्या पक्षाकडे होता. तो डळमळला तो माणदेशांत राहणाऱ्या आमच्या मामांच्या एका प्रश्नामुळें. एका दुष्काळी वर्षीं त्यांच्या गांवावरून एक विमान घिरट्या घालून गेलें. तें कोणाचें, कशासाठीं आलें, हें गांवांत कोणास ठाऊक नव्हतें. तासाभरांत डोक्यावर जमलेला ढग पांगला. पुढें आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां मामांनीं विचारलें, “प्रोफेसर, तुम्ही एवढीं पुस्तकें वाचतां, तर एक सांगा. तो ढग बरसणारच नव्हता, कीं विमानानें घालवला?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. पुढें ह्या विषयाचा इतिहास चाळतांना लक्षांत आलें कीं, मामांनीं विचारलेला प्रश्न हाच ह्या शास्त्राचा मुख्य प्रश्न आहे, आणि गेलीं पाऊणशें वर्षें मोठमोठे पंडित त्याच्याशींच झगडत आहेत. त्या झगड्याचे कांहीं महत्त्वाचे अंक आपल्या सह्याद्रीवर व त्याच्या पायथ्याच्या देशावर घडले. त्यांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आकाशाकडे कांहीं तरी पाठवून पाऊस मागण्याची कल्पना नवी नव्हे. आपल्याकडे पर्जन्यासाठीं यज्ञ करण्याची, महादेवाची पिंडी पाण्यांत बुडवून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. परंतु ‘शास्त्रीय’ म्हणविणाऱ्या देशांतही ह्याहून वेगळें घडलें नाहीं. अमेरिकेंत जेम्स एस्पी ह्या हवामानपंडितानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मोठमोठीं रानें पेटवून पाऊस आणण्याची योजना सुचविली होती. १८९१ सालीं डायरेनफोर्थ नांवाच्या गृहस्थानें टेक्सासच्या माळावर सरकारी पैशानें स्फोट घडवून ढगांस हालविण्याचा उद्योग केला. ह्या मालिकेंतील सर्वांत बोधप्रद कथा चार्लस हॅटफील्ड ह्याची आहे. हा मूळचा शिवणयंत्रें विकणारा मनुष्य. लांकडी मनोरे उभारून त्यांवरील कुंडांतून गुप्त रसायनांची वाफ हवेंत सोडावी, हा त्याचा मार्ग होता. १९१५ च्या अखेरीस सॅन डिएगो शहराच्या नगरसभेनें मोरेना तलाव भरून देण्याबद्दल त्यास दहा हजार डॉलर कबूल केले. जानेवारी १९१६ मध्यें तेथें असा पाऊस कोसळला कीं पूल वाहून गेले, लोअर ओटे येथील धरण फुटलें आणि माणसें बुडाली. हॅटफील्ड पैसे मागावयास गेला, तेव्हां त्यास उत्तर मिळालें कीं, पाऊस तुमचा असेल तर पुराची नुकसानभरपाईही तुम्हीच द्यावी. पुढें न्यायालयानें तो पाऊस ईश्वरी घटना ठरविली. हॅटफील्डला एक डॉलरही मिळाला नाहीं. पाऊस पडला खरा. पण तो कोणाचा, हें कोणास सिद्ध करतां येईना. मामांचा प्रश्न येथें प्रथम कचेरींत उभा राहिला.

ह्या विषयास खऱ्या शास्त्राचें अधिष्ठान मिळालें तें १९४६ सालीं. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्विंग लँगम्यूर ह्यांच्या हाताखालीं व्हिन्सेंट शेफर नांवाचा संशोधक काम करीत होता. आंतून काळें मखमल लावलेल्या एका शीतपेटींत आपला श्वास सोडून तो लहानसा ढग तयार करी. ढगांतील जलकण शून्य अंशाच्या खालीं जाऊनही गोठत नाहींत, पाणीच राहतात, ही गोष्ट पूर्वीं माहीत झाली होती. जुलै महिन्यांत पेटी अधिक थंड करावी म्हणून त्यानें तींत गोठलेल्या कर्बद्विप्राणिदाचा, म्हणजे ‘ड्राय आइस’चा, तुकडा टाकला, आणि त्याच क्षणीं पेटी चकाकणाऱ्या हिमकणांनीं भरून गेली. १३ नोव्हेंबर १९४६ रोजीं शेफरनें विमानांतून हाच पदार्थ खऱ्या ढगावर टाकून त्यांतून हिम पाडून दाखविलें. त्याच महिन्यांत त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट ह्यानें असा पदार्थ हुडकून काढला कीं ज्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फाच्या स्फटिकाशीं जवळजवळ जुळते. तो पदार्थ म्हणजे सिल्व्हर आयोडाइड, चांदी व आयोडीन ह्यांचें संयुग. थंड जलकणास हा कण भेटला कीं त्याची जणूं फसगत होते; समोर बर्फच आहे असें समजून तोही गोठतो. गोठलेला कण भोंवतालची वाफ शोषून वाढतो, जड होतो आणि खालीं येतो.

व्हॉनेगटच्या शोधाचें महत्त्व असें कीं त्यामुळें विमानाची गरज उरली नाहीं. ड्राय आइस ढगांतच नेऊन टाकावा लागतो. सिल्व्हर आयोडाइडाचा मात्र धूर करतां येतो, आणि धूर आपल्या पायांनींच वर चढतो. ह्यांतून जमिनीवरील धूरयंत्र जन्मास आलें. त्याची रचना अगदीं साधी आहे. सिल्व्हर आयोडाइड ॲसिटोनमध्यें विरघळवावयाचें, तें द्रावण बारीक तुषारांच्या रूपानें प्रोपेन वायूच्या ज्वालेंत सोडावयाचें; किंवा त्यांत भिजविलेले कोळसे भट्टींत जाळावयाचे. एका ग्रॅमांतून डोळ्यांस न दिसणारे अब्जावधि कण निघतात. यंत्र डोंगराच्या वाऱ्याकडील उतारावर ठेवावयाचें, म्हणजे डोंगरास आपटून वर चढणारा वाराच तो धूर ढगांत नेऊन पोंचवितो. एक टाकी, एक नळी, एक धुराडें आणि देखरेखीस एक माणूस, एवढ्यावर काम भागतें. विमान, वैमानिक व धावपट्टी ह्यांच्या खर्चापुढें हा खर्च कांहींच नव्हे. म्हणूनच शोध लागल्यापासून पांच वर्षांच्या आंत हें यंत्र आपल्या घाटांत येऊन पोंचलें.

१९५१ सालीं टाटांच्या कंपनीनें पश्चिम घाटांत जमिनीवरील धूरयंत्रांतून सिल्व्हर आयोडाइड सोडून पाऊस वाढविण्याचा प्रयोग केला. हिंदुस्थानांतील मेघबीजनाचा, म्हणजे ढगांत बीज पेरण्याचा, हा पहिला प्रयत्न मानला जातो. तो टाटांनींच कां करावा, हें समजण्यास थोडें मागें जावें लागेल. मुंबईच्या गिरण्यांस कोळशाऐवजीं पाण्याची वीज द्यावी, ही जमशेटजी टाटा ह्यांची कल्पना. त्यांच्या पश्चात् १९१० सालीं त्यासाठीं कंपनी निघाली. लोणावळा, वळवण व शिरवता येथें सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडविण्यांत आलें, आणि तें पांचशें मीटरांहून अधिक खालीं खोपोलीस सोडून १९१५ सालीं वीज निघूं लागली. पुढें १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा येथील वीजघरें सुरू झालीं. भिऱ्यासाठीं मुळशीचें खोरें बुडालें, आणि त्याविरुद्ध सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं केलेला सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाहीं. ह्या साऱ्या व्यवहाराचें भांडवल एकच, तें म्हणजे चार महिन्यांचा पाऊस. दुसऱ्या कारखानदारास कोळसा विकत आणतां येई. ह्या कंपनीचा कोळसा आकाशांतून पडत होता. तो थोडा अधिक पाडतां आला तर पाहावें, असें तिला वाटलें, ह्यांत नवल तें काय?

परंतु येथेंच एक अडचण होती. सिल्व्हर आयोडाइडाची जादू उणे पांच अंशांच्या खालीं सुरू होते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांवर हिवाळ्यांतला ढग तेवढा थंड असतो आणि डोंगराला लागूनच असतो. तेथें धूर थोडा चढला कीं काम झालें. आपल्याकडे पावसाळ्यांत शून्य अंशाची रेषा समुद्रसपाटीपासून सुमारें पांच किलोमीटरांहून वर असते. सह्याद्रीचें सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें अवघें १,६४६ मीटर. घाटमाथ्यावर जो धो धो पाऊस पडतो तो बहुतेक वेळां अशा ढगांतून पडतो कीं ज्यांचे माथे त्या रेषेपर्यंत पोंचतच नाहींत. त्यांत बर्फ नाहीं, गोठण्याजोगें थंड पाणी नाहीं. म्हणजे जें आवतण हिमाच्या देशांत लिहिलें गेलें, तें ज्याच्या नांवें पाठविलें तो पाहुणा येथें बहुधा घरींच नव्हता. यंत्र खोटें नव्हतें. तें दुसऱ्या आकाशासाठीं घडविलेलें होतें.

मग आपला पाऊस पडतो तरी कसा? ढगांतील जलकण इतका सूक्ष्म असतो कीं तसे सुमारें दहा लाख कण एकत्र यावे तेव्हां पावसाचा एक थेंब होतो. उबदार ढगांत हें मीलन टकरींनीं घडतें: मोठा कण लहानांस गिळीत खालीं येतो. सारेच कण सारखे लहान असले तर टकरी होत नाहींत आणि ढग नुसताच तरंगत राहतो. अशा ढगांस चार मोठे कण पुरविले पाहिजेत, आणि त्यासाठीं पाण्याचा लोभी असा पदार्थ हवा. तो आपल्या प्रत्येक घरांत आहे. तो म्हणजे मीठ. समुद्रावरून येणारा वारा हेंच काम अनादि काळापासून करीत आला आहे.

हा विचार आपल्या शास्त्रज्ञांनीं लवकरच उचलला. हवामानखात्याचे पहिले हिंदी मुख्याधिकारी सुधांशुकुमार बॅनर्जी ह्यांनीं १९५२ सालीं कलकत्त्यास हायड्रोजनच्या फुग्यांतून मीठ व सिल्व्हर आयोडाइड वर धाडून पाहिलें. नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील मेघ व पर्जन्य ह्यांचा अभ्यास करणाऱ्या विभागानें १९५७ ते १९६६ ह्या काळांत दिल्ली, आग्रा व जयपूर येथें जमिनीवरूनच मीठ उडविण्याचे प्रयोग पावसाळ्यामागून पावसाळे चालविले. मिठाचें पाणी जोरानें फवारावें किंवा मिठाची अतिशय बारीक पूड हवेच्या झोतानें उधळावी, अशी ही साधीं यंत्रें होतीं. चांदीची जागा मिठानें घेतली. पण आमच्या मतें ह्या दहा वर्षांतील खरी प्रगति ती नव्हे. खरी प्रगति ही कीं मीठ उडविलेले दिवस आणि न उडविलेले दिवस ह्यांचा पाऊस समोरासमोर मांडून हिशेब केला गेला. पावसांत वाढ दिसल्याचा त्यांचा निष्कर्ष १९६७ सालीं अमेरिकेंतील हवामानशास्त्राच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. टीकाकारांस त्यांत उणें काढतां आलें असेल. परंतु टीका करावयास आंकडे समोर होते. हॅटफील्डच्या मनोऱ्यांपासून येथवर केवढें अंतर तोडलें गेलें, हें वाचकांनीं पाहावें.

पुढें हा विभाग पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत आला, आणि प्रयोगाचें क्षेत्र महाराष्ट्रांत आलें. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षीं, म्हणजे १९७३ सालीं, बारामतीच्या परिसरांत विमानानें मीठ पेरण्याचा प्रयोग सुरू झाला. १९७३, १९७४, १९७६ आणि १९७९ ते १९८६ असे अकरा पावसाळे तो चालला. जागा मोठी विचारानें निवडलेली होती. महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून पूर्वेस शंभरेक किलोमीटरांवर आमच्या मामांच्या माणदेशांत तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. सह्याद्रीच्या ह्या पावसाच्या सावलींत ढग येतात, पण बरसत नाहींत. तेथेंच बीज पेरण्यांत अर्थ होता.

प्रयोगाची पद्धत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. प्रदेशाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग केले, मध्यें एक पट्टा मोकळा सोडला. ढग आल्या दिवशीं दोहोंपैकीं कोणत्या भागावर मीठ टाकावयाचें, हें माणसाच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठी टाकल्याप्रमाणें दैवावर सोपविलें. आज उत्तरेस मीठ, तर दक्षिण साक्षीदार. उद्यां दक्षिणेस मीठ, तर उत्तर साक्षीदार. अकरा वर्षांच्या अखेरीस पावसांत सुमारें २४ टक्के वाढ आढळली. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट आढळली. ज्या ढगांची जाडी एक किलोमीटरांहून अधिक व ज्यांत पाणी पुरेसें, ते मीठ मिळाल्यावर अधिक बरसले. उथळ व पाण्यानें हलके असलेले ढग मात्र विरून जाण्याकडे झुकले.

हें वाचलें तेव्हां आम्ही क्षणभर पुस्तक मिटून बसलों. मामांच्या डोक्यावरील तो ढग कसा होता, हें आतां कोण सांगणार? विमानांत मीठ होतें कीं नव्हतें, हेंही कोणी सांगूं शकणार नाहीं. पण त्यांचा प्रश्न अडाणी नव्हता, एवढें खास. ज्या शंकेस आम्ही शहरांत बसून हसलों असतों, तिच्यांत शास्त्राच्या एका निष्कर्षाएवढें तथ्य होतें.

बारामतीनंतरचा इतिहास ताजा आहे. २००३ सालीं राज्य सरकारनें विमानांनीं मेघबीजन करविलें. २००९ सालीं मुंबई महानगरपालिकेनेंही आपल्या तलावांवर तोच मार्ग चोखाळला. २०१५ व २०१९ सालीं मराठवाड्यासाठीं पुन्हां विमानें उडालीं. ह्या मोहिमा अवर्षणाच्या वर्षीं, लोकांचा टाहो ऐकून निघाल्या, आणि त्यांत दया होती हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तहान लागल्यावर विहीर खणण्याचा दोष त्यांत येतोच. मेघबीजन ढग निर्माण करीत नाहीं. आलेल्या ढगास थोडा हात देतें. ज्या वर्षीं ढगच येत नाहींत, त्याच वर्षीं आपणांस त्याची आठवण होते. शिवाय मोहिमेंत प्रत्येक ढगावर पेरणी करण्याची घाई असते, त्यामुळें साक्षीदार म्हणून राखलेला ढग उरत नाहीं. पुण्याच्या संस्थेनें २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुराकडे जो प्रयोग केला, त्यांत मात्र पेरलेले व न पेरलेले ढग शेजारीं शेजारीं मोजले गेले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत सुमारें १८ टक्के वाढ दाखविली आहे. आणि प्रत्येक ढग बरसतोच असें नाहीं, हेंही त्याबरोबर कळलें.

जमिनीवरील धूरयंत्राचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. तें नाहींसें झालें नाहीं. अमेरिकेंत आयडाहो, यूटा, कोलोराडो ह्या संस्थानांच्या डोंगरांवर तीं आजही हिवाळ्यांत धूर सोडतात. दूरच्या कचेरींत बसून तीं पेटवितां येतात. तेथें त्यांस साजेसें आकाश आहे. इस्राएलनें मात्र अनेक दशकें पेरणी केल्यावर नव्या प्रयोगांत पुरेसा लाभ दिसेना, तेव्हां ती थांबविली. स्वतःच्या जुन्या अभिमानाविरुद्ध आंकड्यांचा कौल मान्य करणें, हेंही शास्त्रांतलें एक धैर्यच होय.

ह्या साऱ्या कथेंतून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. पाऊस पाडण्याच्या विद्येंत यंत्र दुय्यम आहे, मग तें धुराडें असो, मिठाचा फवारा असो कीं विमान असो. मुख्य आहे तो न पेरलेला ढग. तो जपून ठेवला नाहीं तर यश कोणाचें व अपयश कोणाचें, हें कधींच ठरणार नाहीं. मग भाबडे भाबडेच राहतील, चेष्टेखोर चेष्टेखोरच राहतील, आणि पैसा मात्र दोघांच्याही खिशांतून जाईल.

परंतु ह्यांत एक कांटा आहे, आणि तो आम्हांस बोंचतो. न पेरलेला ढग कोणाच्या तरी शेतावरून जात असतो. सुकत्या बाजरीकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यास, ‘ज्ञानासाठीं आज तुझा ढग तसाच सोडला,’ असें कोणत्या तोंडानें सांगावें? दहिसरास नळाचें पाणी पिणाऱ्या प्राध्यापकानें हा उपदेश करणें सोपें आहे. हें शहर विहार, तुळशी, तानसा असें उत्तरेकडे सरकत दूरच्या डोंगरांचें पाणी पीत आलें आहे. म्हणून गेल्या भेटींत आम्ही हाच प्रश्न भीत भीत मामांपुढें ठेवला, आणि बारामतीची ती चिठ्ठीची पद्धत त्यांस समजावून सांगितली. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “पाटाच्या पाण्याचीही पाळीच असते कीं. आज त्याची, उद्यां माझी. पाळी ठरल्यावर कोणी भांडत नाहीं. पाळी कोणाची तें मात्र आधीं सांगावें लागतें.”

ह्याहून अधिक आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. पुढच्या कोरड्या जुलैंत ते दोन शब्द पुन्हां मथळ्यांत येतील. तेव्हां विमान किती आलीं, चांदी किती जळाली, ह्याची चौकशी वाचकांनीं अवश्य करावी. पण पहिला प्रश्न असा विचारावा कीं, ह्या खेपेस साक्षीदार म्हणून कोणता ढग राखला आहे, आणि ज्यांच्या शेतावरून तो जाणार त्यांस हें सांगितलें आहे काय?